उताणं पडून बघायचा नकाशा

काल दिवेलागणीला विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर शेजारची शाळकरी मुलगी तारकांचा नकाशा कठड्यावर पसरून उभी होती. नव्याकोऱ्या कागदाला शाईचा वास येत होता. “आजोबा, ह्यात छापायची चूक आहे. पूर्व डावीकडे दाखवलीय,” ती रागाने म्हणाली. नकाशा डोक्यावर धर, एवढं सांगून मी खाली निघून आलो. जास्त बोलणं जमलं नसतं. हीच चूक मी केली होती, आणि मी तेव्हा लहान नव्हतो, चांगला मास्तर होतो.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट, फलटणजवळच्या आमच्या गावातली. थोरला भाऊ चौथीतून शाळा सोडून पुढे पलटणीत गेला, त्याच्या पगारावर मी शिकलो, आणि शिकून मिळवली काय, तर मिजास. माघात दादा रजेवर आला तो माघातल्या संध्याकाळच्या आभाळाचा नकाशा घेऊन. पलटणीत रात्रीची वाट काढायला तारे शिकवत. शिकलेल्या भावाला शोभेल म्हणून त्याने तो साहेबाकडून मागून आणला होता.

देवळासमोर चार माणसं बसली होती. शेतजमिनीचा नकाशा मांडतात तसा मी तो कागद भुईवर अंथरला, कोपऱ्यांवर खडे ठेवले, उत्तरेला उत्तर लावली. पूर्व निघाली मावळतीला! पलटणीत सूर्यसुद्धा उलटा उगवतो वाटतं, असं मी छडीने दाखवत म्हणालो. सगळे हसले. दादा सांगू लागला, “तसं न्हाई रं, उताणं पडून वर धरायचा आसतोय...” मी त्याला पुरतं बोलू दिलं नाही. मास्तराने धुळीत लोळायचं की काय, असं विचारलं, तशी माणसं पुन्हा हसली. दादाने खडे एकेक करून बाजूला ठेवले, कागदाची घडी घातली. “मास्तर म्हंतोय म्हंजे तसंच आसंल.” रागावला असता तर बरं झालं असतं.

रजा संपली तसा तो पलटणीत परत गेला. नकाशा माझ्या ट्रंकेच्या तळाशी पडला. पुढच्या माघात ब्रह्मदेशातून पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. शेवटी विचारलं होतं, हितनं मृग दिसतो, तुला दिसला का? मला मृग ओळखताच येत नव्हता, आणि तसं कबूल करणं जिवावर आलं. उत्तर आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. फाल्गुनात तार आली, दादा लढाईत कामी आल्याची.

तेरावं उरकल्यावर एका संध्याकाळी मी अंगणात उत्तरेला डोकं करून उताणा पडलो आणि नकाशा डोळ्यांवर धरला. पूर्व डावीकडे होती, कागदावरही आणि खरीही. कागद बाजूला केला तर वर मृग, तीन तारे एका ओळीत, अगदी नकाशातल्यासारखे. मला रडू आवरेना.

पुढे शेकडो पोरांना मी नकाशा धरायला शिकवला. आभाळ कळणारा मास्तर म्हणून पंचक्रोशीत नाव झालं, आणि ते नाव मी मुकाट्याने घेतलं. देवळासमोरच्या त्या चौघांशी मात्र, चुकलो मी होतो, दादाचं बरोबर होतं, असं बोलायला माझी जीभ कधी वळली नाही. त्यांतला शेवटचा यंदा गेला. त्याच्या लेखी शेवटपर्यंत दादाच चुकलेला होता.