मी सुचवलेला प्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढायचो आणि वर त्याचा सरकारकडून पगार घ्यायचो, तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल न बोललेलंच बरं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आमचं सरकारी वकिलाचं ऑफिस म्हणजे नंदुरबारातल्या दोन खोल्या आणि पुढे एक ओटा. खून-दरोड्याचे मोठे खटले धुळ्याच्या सेशन कोर्टात चालत, आणि मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.ने तिकडे जाई.

लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे रोज काहीतरी अक्कल लढवत असेल. कसलं काय! बैलचोऱ्या, घरफोड्या, बांधावरून फुटलेली डोकी, मोहाच्या दारूत चाललेल्या कुऱ्हाडी, हेच वर्षभर. तापीकाठचा आमचा शेतकरी वकिलाने पढवलेलं खोटं घडाघडा बोलायचा आणि सुटायचा. सातपुड्यातला माणूस मात्र विचारलं की सांगून टाकायचा, आणि आत जायचा. माझे जिंकलेले खटले बहुतेक या दुसऱ्या जातीचे. पाठ मात्र माझी थोपटली जायची, आणि मीही ती पुढे करायचो.

असाच एक खटला, सातपुड्यातल्या अक्राणीकडचा. मोहाच्या दिवसांत दोघे सख्खे भाऊ दारू प्यायले, शेळी कोणाच्या शेतात शिरली यावरून जुंपली, आणि थोरल्याने हातातलं लाकूड धाकट्याच्या डोक्यात घातलं. धाकटा तिथेच गेला. थोरला जामिनावर सुटून घरी होता, आणि वर्षभराने, होळी होऊन गेल्यावर खटला उभा राहिला. पोलिसांनी कबुलीजबाब घेतला होता, पण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. माझी सगळी भिस्त गावच्या साक्षीदारांवर होती.

ते साक्षीदार एकामागून एक फिरले. म्हणे धाकटा पिऊन कड्यावरून पडला. गावचा पाटीलही तेच बोलला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या सुट्टीत मी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं आणि नाही नाही ते बोललो. देवाची शपथ घेऊन खोटं बोलतोस, लाज नाही वाटत, वगैरे. म्हातारा शांतपणे ऐकून घेत होता. मग त्याने मोडक्या मराठीत सांगितलं, की पंच बसले होते, न्याय झालेला आहे. ज्याने मारलं त्याने मेलेल्याचं घर चालवायचं. मागच्या पावसाळ्यापासून तो दोन्ही शेतं नांगरतो आहे, भावजयीला आणि तिच्या पोरांना पोसतो आहे. तो आत गेला तर दोन चुली विझतील. "तुझा न्याय आता कशाला पाहिजे?" एवढंच त्याने मला विचारलं.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कोणी समजू नये.

दुपारी न्यायाधीशांनी आरोपीला विचारायला सुरुवात केली. दुभाषी मध्ये उभा. आरोपीच्या वकिलाने, तो बिचारा सरकारनेच दिलेला, त्याला इतकंच शिकवलं होतं की प्रत्येक प्रश्नाला "मला माहीत नाही" म्हण. तोही मान खाली घालून तसंच म्हणत होता. चला, खटला गेला, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर जाऊ द्यायचा होता. पण हातातोंडाशी आलेला घास कोणी काढून घेतो आहे असं मला वाटलं, आणि तेही त्या अंगठेबहाद्दर पाटलाच्या सांगण्यावरून!

इतक्या वर्षांत त्या डोंगरातल्या पुष्कळ गोष्टी कानावर आल्या होत्या. त्यांच्यात मेलेल्या माणसाचा दगड बसवतात. दगड बसवताना घरच्या माणसाने चार लोकांसमोर सांगायचं असतं, की हा असा असा मेला. ते खोटं सांगितलं तर मेलेला दगडात बसत नाही, घराभोवती फिरत राहतो. मी उठलो आणि न्यायाधीशांना एक प्रश्न सुचवला. भावाचा दगड बसवलास का, आणि बसवताना लोकांना काय सांगशील, एवढं त्याला विचारावं.

न्यायाधीशांना त्यात काही वावगं दिसलं नाही. दुभाष्याने विचारलं.

त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, दुभाष्याकडे नाही. मग त्याने काही शब्द उच्चारले आणि दुभाष्याने ते मराठीत सांगितले: "दगड अजून नाही बसवला. मीच त्याला मारलं. लाकडाने मारलं."

त्याचा वकील कपाळाला हात लावून बसला. ती कबुली, डॉक्टरांचा दाखला आणि रक्ताचं लाकूड, एवढं पुरेसं झालं. सात वर्षं सक्तमजुरी. शिक्षा ऐकून तो रडला नाही, उलट हलका झाल्यासारखा दिसला. नेताना त्याने मला हात जोडले, आणि आता भावाचा दगड बसवा असा गावाला निरोप धाडला. बाररूममध्ये दोघा-तिघांनी माझं कौतुक केलं. मी चहा पाजला. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, पण ते मी घरी उन्हावर ढकललं.

नियमाने पाहिलं तर मी कुठेच चुकलो नव्हतो. प्रश्न कायद्यात बसत होता, उत्तर खरं होतं, गुन्हा झालेला होता. हेच तर दुखणं आहे. चुकलो असतो तर माफी तरी मागितली असती. मी त्या माणसाचा देव काढला आणि त्याच्याच गळ्यात फास म्हणून घातला. हा अपराध कुठल्या कलमात बसतो ते मला आजही सापडलेलं नाही.

मृग जवळ आला होता. एका दुपारी बाहेरून जेवून आलो तर शिपाई दारातच म्हणाला, "साहेब, ती बाई सकायपाईन बठेल शे." ओट्यावर एक बाई सकाळपासून बसून होती, मांडीवर पोर झोपलेलं. धाकट्या भावाची विधवा. डोंगर उतरून, तापी ओलांडून आली होती. मला वाटलं, शिव्याशाप द्यायला आली असेल. मी तेवढ्याची तयारी केली होती.

तिने शिव्या दिल्या नाहीत. तिकडची माणसं कलेक्टरलाही अरे-तुरे करतात, तशीच ती माझ्याशी बोलली. दगड बसवला म्हणाली. मग म्हणाली, "त्याने मारलं, तर तो पोसत होता. त्याला तू नेला. पंच बोलले, आता पोसायचं तू."

मी तिला कायदा सांगितला. सरकार म्हणजे मी नव्हे हे सांगितलं. तहसीलला अर्ज कर म्हटलं, कोणत्या खिडकीवर जायचं तेही सांगितलं. माझा आवाज उगाच चढला होता, शिपाई माझ्याकडे बघायला लागला होता. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. त्यातलं तिला काय कळलं कोण जाणे. मग तिने झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि निघण्यापूर्वी एवढंच विचारलं:

"बैल घरी आहेत. तू पेरायला कधी येशील?"