डोळे रांगेत काढत नाहीत

हमरापूरच्या आमच्या घरी रंगकामाचं शास्त्र एकच. ब्रश पिवळ्यात बुडवला की रांगेतल्या सगळ्या गणपतींची पितांबरं उरकायची, मगच दुसरा रंग. शाळेत असल्यापासून मी हेच करत आले. हात इतका बसला होता की बोलता बोलता रांग संपायची. डोळे मात्र फक्त आई काढायची. माळ्यावर एक तिरळा गणपती कायमचा मुक्कामाला होता. मला वाटायचं, खपला नाही म्हणून राहिला.

रोह्याच्या एका छोट्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हंजे काम काय गो तुझं?" मी सांगितलं, दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट ज्या कॉम्प्युटरांवर चालतात, ते बंद पडू द्यायचे नाहीत.

"म्हंजे सगळं नीट हाय तवर तुझं काम कुणाला दिसायचं नाय," काकू म्हणाल्या. कोर्समध्ये वर्षभर शिकवलं ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

तीन महिने ऑफिसचे सर माझं काम बघणार, मग कायम करणार, असं ठरलं होतं. तिसऱ्या महिन्यात सरांनी ऑफिसच्या बाराही सर्व्हरवर नवं अपडेट घालायला सांगितलं. मी एकच कमांड लिहिली आणि बाराही ठिकाणी एका दमात फिरवली. वर स्वतःवर खूशही झाले. जुन्या सेटिंगमधली एक ओळ नव्या अपडेटला चालत नव्हती, हे कळेपर्यंत बाराही सर्व्हरवरच्या वेबसाइट आडव्या झाल्या होत्या. फोन थांबेनात. एका दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "बाहेर पेशंट खोळंबलेत, कुणाचा नंबर कितवा तेच दिसत नाही." मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

सरांनी डबासुद्धा उघडला नाही. दुपारपर्यंत त्यांनी एकेक करून सगळं उभं केलं आणि मग विचारलं, "आधी एकावर करून का नाही बघितलंस?"

"आमच्याकडे रंग असाच देतात," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले नाहीत. "तुला ठेवायचं की नाही, उद्या सांगतो," एवढंच म्हणाले.

घरी आले तेव्हा आई मूर्तींपुढे बसली होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणेल, सोड ती नोकरी आणि बस रंगाला. तिनं ब्रश खाली ठेवला.

"रंग रांगेत जातो गो, डोळं नाय. एकाचं काढायचं, लांबून बघायचं, मग दुसऱ्याकडं." मग तिनं माळ्याकडे बोट केलं. "मी पन पयल्यांदा अशीच सुटलेली. नऊ बिघडवले. आठ परत रंगवले, हा ठेवला."

"कशाला?"

"रोज बघायला."

इतकी वर्षं त्याच घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

सकाळी रोह्याच्या गाडीत एका पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं: आधी एक सर्व्हर, मग तासभर वाट, मग साइट स्वतः उघडून बघणं, मगच पुढचा. कासू स्टेशन गेलं तेव्हा कुठे लिहून पुरं झालं. सर काही बोलायच्या आत तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा भिंतीवर लाव," ते म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात अपडेट तूच घालायचंस."

मी घरी धावतच आले. आईनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि रांगेतली शेवटची मूर्ती माझ्यापुढे सरकवली. तिला डोळे नव्हते. मग बारीक ब्रश माझ्या हातात दिला.

"बिघडली तर?" मी विचारलं.

"माळ्यावर जागा हाय," आई म्हणाली.