आधी काय बसवायचं, रऊफ?

रऊफ गेल्याची बातमी आली तेव्हा मी सकाळच्या मीटिंगमध्ये होतो. मी इथे बहरीनमध्ये एका प्लांटमध्ये प्लॅनिंगचं काम करतो. शटडाउनचं वेळापत्रक पडद्यावर होतं, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर यावर नेहमीची हुज्जत चालली होती आणि खिशात फोन थरथरत होता. दोनदा कापला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन घेतला. रऊफच्या दुकानातला सहकारी होता. "भाई, रऊफभाई काउंटर पे गिर गए. ॲम्ब्युलन्स लेके गई है." मी हॉस्पिटलला पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजेनंतर दफन झालं. मी कडेला उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू येत नव्हतं. राग येत होता. सहा आठवडे झाले, अजून येतो.

रागाचं पहिलं कारण क्षुल्लक वाटेल. गेली तीन वर्षं आम्ही दोघं एकाच प्रश्नावर भांडत होतो आणि तो त्याचं उत्तर न देता गेला. त्याच्या जुन्या गाडीला आधी काय बसवायचं, हा तो प्रश्न. आता ते उत्तर मला द्यायचं होतं, आणि तेही त्याच्या मुलीच्या समोर.

रऊफ दापोलीकडचा. वीस-बावीस वर्षं सलमाबादमध्ये एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर होता. माझ्या गाडीचा वॉटर पंप गेला म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेलो. त्याने कॉम्प्युटरकडे न बघता पार्टचा नंबर म्हणून दाखवला, खोकं काढून समोर ठेवलं आणि मी खोक्यावरचा नंबर माझ्या डायरीतल्या नंबराशी ताडून बघायला लागलो तेव्हा शुद्ध मराठीत म्हणाला, "पुण्याचे का? मग सावकाश तपासा. दुकान आठपर्यंत उघडं आहे." तिथून मैत्री झाली. त्याने माझं नाव सुहास आहे हे फार थोड्या वेळा लक्षात घेतलं. मी त्याच्यासाठी 'लिस्टवाला'.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या एका जुन्या बहरीनी गिऱ्हाइकाने घर बदलताना आपली गाडी त्याला स्वस्तात देऊन टाकली. जुनी अमेरिकन, लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरच्या दांडग्या इंजिनाची. मसल कार म्हणतात ती. वरचा रंग उन्हाने पांढरा पडलेला, पण इंजिन ठणठणीत. अरादला त्याच्या बिल्डिंगखाली पत्र्याची शेड होती, तिथे ती उभी राहिली. दर शुक्रवारी त्याची नमाज झाली की मी सनाबिसहून तिकडे जायचो. पहिल्याच शुक्रवारी मी कागद काढला.

"आधी ब्रेक," मी म्हणालो. "पुढचे जुने ड्रम काढून डिस्क बसव. मग टायर. मग मोठा रेडिएटर, कारण इथला उन्हाळा. इंजिनाचा जोर वाढवायचा तो सगळ्यात शेवटी."

"अरे लिस्टवाल्या," तो म्हणाला, "तू लग्नाला गेलास की मांडवात शिरायच्या आधी परतीचं तिकीट बघतोस काय रे?"

"तुला काय हवंय ते तरी सांग."

"एक्झॉस्ट. गाडी आली हे गल्लीला कळलं पाहिजे."

ठीक. मी लिहून घेतलं. पुढच्या शुक्रवारी त्याचं मत बदललेलं. एक्झॉस्टने नुसता आवाज वाढतो, गाडी तीच राहते, म्हणून आधी मोठा कार्ब्युरेटर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कार्ब्युरेटरही बाद. पेट्रोल जास्त पाजून काय उपयोग, ताकद चाकापर्यंत पोचायला मागचे गिअर बदलायला हवेत. मग महिनाभर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंप. त्याची अडचण अशी होती की त्याला फार माहिती होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट विकलेला माणूस, प्रत्येक पार्टची स्तुती त्याला येत होती आणि प्रत्येकाची खोडही. स्वतःच मांडायचा, स्वतःच खोडायचा, आणि चहाचे कप रिकामे होईपर्यंत आम्ही जिथे होतो तिथेच. माझ्या कागदावर इतकी खाडाखोड झाली की मी चार वेळा नवीन यादी केली. मी अक्षरशः ओरडलोही आहे त्याच्यावर. "रऊफ, एक काहीतरी ठरव! चुकीचं ठरव, पण ठरव!" तो हसून बॉनेट पुसत राहायचा.

दरम्यान तो त्या जुन्या ब्रेकवर गाडी अरादच्या किल्ल्यापर्यंत नेऊन आणायचा. मी कधी बसलो नाही. ब्रेक बसल्याशिवाय बसणार नाही, हा माझा नियम. शेवटच्या शुक्रवारी त्याने दार उघडून धरलं. "आज तरी बस की. किल्ल्यापर्यंत जाऊ, यल्ला, चल." मी म्हणालो, "आधी ब्रेक." त्याने दार लावून घेतलं... आमचं शेवटचं बोलणं हे.

आता दुसऱ्या यादीबद्दल लिहितो. ती लिहिणं जड जातंय, म्हणूनच लिहितो.

आखातात राहणाऱ्या प्रत्येक भारतीय माणसाकडे एक सुट्टीची यादी असते. वर्षातून एकदा गावी जायचं, तेव्हा करायची कामं त्या यादीत जातात. घराची कौलं, जमिनीची मोजणी, बँकेतल्या सह्या आणि आपलं शरीरसुद्धा. दात दुखला की सुट्टीत बघू. चष्म्याचा नंबर वाढला, सुट्टीत बघू. इथे डॉक्टर नाहीत असं मुळीच नाही, चांगले आहेत. पण गावचा डॉक्टर ओळखीचा, सोबत भाऊ येतो, आणि इथे रजा टाकून तपासण्या करत बसलं की कामावर 'हा आजारी आहे' असं होतं, ही एक भीती. आम्ही सगळे आपापली दुखणी विमानातून घरी नेतो.

रऊफची सुट्टीची यादी दरवर्षी मी करायचो, कारण त्याच्याच्याने ती होत नसे. या वर्षीची त्याने फोनवर काउंटरवरून सांगितली, मधेमधे गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलत. मी टाइप केली. शेवटी म्हणाला, "आणि हां, डॉक्टरला दाखवायचंय." मी विचारलं नाही कशासाठी. मी फक्त विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "रत्नागिरीला." मग मी माझ्या पद्धतीने यादी लावली. गावातली कामं आधी, पुतण्याचं लग्न मध्ये, रत्नागिरी परतीच्या वाटेवर पडते म्हणून शेवटी. डॉक्टर सातव्या नंबरला आला. उगाच फेरा पडू नये म्हणून.

तो गेला तेव्हा सुट्टीला एक महिना बाकी होता.

डॉक्टर कशासाठी, हे मला कळलं ते त्याच्या बायकोकडून, शहनाजभाभींकडून, दफनानंतर तिसऱ्या आठवड्यात. त्या इद्दतीत आहेत, म्हणजे नवऱ्यामागे ठरावीक महिने घराबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून त्या आतल्या खोलीत पडद्यामागे बसल्या होत्या आणि बाहेर माझ्यासमोर त्यांची मुलगी झोया. झोया इथेच शिकली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

मी सांत्वनाला म्हणून काहीतरी गोड बोललो. म्हणालो, "मला वाटतं, मी दर शुक्रवारी यावं म्हणूनच तो गाडीचं काही ठरवत नसावा."

पडद्यामागून लगेच आवाज आला. "उगाच कौतुक नका करू, भाऊ. वॉशिंग मशीन घ्यायला त्यांनी दोन वर्षं लावली होती. ती काय तुमच्यासाठी?" झोया खुदकन हसली. मग भाभी म्हणाल्या, "इथल्या डॉक्टरने सांगितलं होतं त्यांना. छातीची तपासणी लगेच करा म्हणून. मी मागे लागले. तर म्हणाले, सुट्टीत करतो. सुहासने यादीत टाकलंय, आता होईल."

मला उठून जाता येईना आणि बसताही येईना. तीन वर्षं ज्या माणसाला मी 'आधी ब्रेक' म्हणून धारेवर धरलं, त्याचा डॉक्टर मी सातव्या नंबरला टाकला होता. भाभींनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"त्यांनी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं तीन वर्षं त्या शेडमध्ये बसून बोलत काय होतात, तेच मला कळत नाही."

मलाही कळत नाही.

मग त्यांनी गाडीचा विषय काढला. इद्दत संपल्यावर त्या दापोलीला जाणार, पण झोयाला इथे नोकरी लागलीय, ती राहणार. तिने लायसन्सचे क्लास लावलेत आणि ती अब्बांची गाडी चालवणार म्हणतेय. "तुम्ही म्हणाल ते बसवा त्यात. मला फक्त पोरगी घरी आलेली पाहिजे."

"डॅड वॉन्टेड द सुपरचार्जर," झोया म्हणाली.

"एक महिना," मी म्हणालो. "मग त्याने तो स्वतःच खोडला. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"देन व्हॉट डिड ही वॉन्ट?"

"मला माहीत नाही. त्यालाही माहीत नव्हतं. पण आधी ब्रेक बसतील. तुझ्या बापाने ऐकलं नाही, तू ऐक."

तिने डोळे वटारले, अगदी त्याच्यासारखे, आणि मला वाटलं आता ही पण तीन वर्षं घालवणार. पण ती म्हणाली, "ओके. व्हेन?" मी म्हणालो, "शनिवारी." एवढंच. तीन वर्षांचं काम दोन शब्दांत झालं, याचाही राग आला.

शनिवारी त्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा नवा माणूस कॉम्प्युटरमध्ये डिस्क ब्रेकचा नंबर शोधत होता, सापडत नव्हता. मागे उभ्या असलेल्या एका मेकॅनिकने नंबर घडाघडा म्हटला. "रऊफभाईने रटवाया था," तो म्हणाला. "अपनी गाडी के लिए ये नंबर दस बार निकाला, लिया कभी नहीं." म्हणजे त्याने ब्रेकचाही विचार दहा वेळा केला होता. मला सांगायला काय झालं होतं?

त्याच आठवड्यात मी माझ्या सुट्टीच्या यादीतलं एक काम काढून घेतलं आणि डॉक्टरची मंगळवारची अपॉइंटमेंट इथेच घेतली. तीनदा जिना चढताना मला दम लागला होता. आज नाही, तर कधी?

ब्रेक बसले. शुक्रवारी गाडी मी चालवली, झोया बाजूला. इंजिन सुरू झालं तसा पत्रा थरथरला. वर दुसऱ्या मजल्यावर खिडकी बंद होती, पडदा ओढलेला. भाभींना खाली येता येत नव्हतं म्हणून झोयाने फोन लावून स्पीकरवर ठेवला. गल्लीच्या टोकाला जाऊन मी वळवली, जरा वेग घेतला आणि त्यांच्या खिडकीखाली ब्रेक दाबला. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली.

"थांबली का?" फोनमधून आवाज.

"हो, अम्मी," झोया म्हणाली. मराठीत.

 फक्त इंजिनाची घरघर, आणि तीच घरघर फोनमधूनही येत होती, त्या वर खिडकीशी उभ्या होत्या म्हणून. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, अजून एकदा थांबवून दाखवा."

मी गाडी पुन्हा गल्लीच्या टोकाला नेली.