रेडमंडचा चंद्र, पुण्याचं क्षितिज

अमेरिकेतल्या रेडमंडच्या अवधूतला कुणी सहज जरी म्हटलं, "आज आभाळ स्वच्छ आहे," तरी तो थेट दहाव्या शतकात जाऊन पोचायचा. तिथून त्याला परत आणणं फक्त त्याच्या मैत्रिणीला, हिमानीला जमायचं. दिवसा सॉफ्टवेअर, आणि उरलेल्या वेळात बगदाद, इस्फहान, टोलेडोचे जुने खगोलपंडित. अर्धं वर्ष ढगाखाली असणाऱ्या गावात त्याला ताऱ्यांचं वेड लागलं होतं.

हिमानीचे बाबा, राजेशकाका, मुलगा पारखायला नागपूरहून आले आणि नेमकी कोजागिरीनंतरची संकष्टी आली. चंद्र उगवेपर्यंत काका काही खात नसत. बाहेर ढग गच्च.

"बाबा, चंद्रोदय फोनवर कळतो," हिमानी म्हणाली.

"फोनला उपास असतो का?"

अवधूतने संधी साधली. त्याने स्वतः कापलेला, ताऱ्यांवरून वेळ सांगणारा पितळी अ‍ॅस्ट्रोलेब आणला. खाली क्षितिज कोरलेली तबकडी, वर फिरणारी ताऱ्यांची जाळी. "काका, मुसलमान पंडितांनी शेकडो वर्षं याच्यावरून वेळ ठरवली. हा अल-दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या मागून येतो."

"आपली रोहिणी की हो! आणि तुम्ही आमच्या पोरीच्या मागून. बरं, फिरवा."

त्याने चंद्राच्या जागेवर खूण करून जाळी फिरवली. "अजून तासभर आहे."

हिमानीने फोन पुढे केला. "इथे तर उगवलाय!"

"यंत्र म्हणतंय ना थांबा? थांबू," काका म्हणाले. ना बॅटरी, ना चार्जर. काका खूश होते. पण थोड्या वेळाने खुशी ओसरली आणि काका सोफ्यावर आडवे झाले. उकडीचे मोदक गार पडले.

मग ढग फाटले. देवदारांच्या शेंड्यांवर चंद्र आरामात बसला होता.

अवधूतने घाईने जाळी काढली. तबकडीच्या कडेला त्याच्याच हाताने कोरलेलं होतं: पुणे. प्रत्येक अक्षांशाला वेगळी तबकडी लागते; पुण्याच्या अक्षांशावर हाच चंद्र तासाभराने उशिरा उगवतो. त्याने टेस्टिंगसाठी घरचा अक्षांश घातला होता आणि तो तसाच राहिला होता.

ढगांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण त्याने तबकडी काकांपुढे धरली. "काका, चूक माझी आहे. तुम्ही पुण्याच्या चंद्राची वाट पाहत होतात."

काकांनी आधी चंद्राला हात जोडले, मग एक आख्खा मोदक तोंडात घातला. चावता चावता त्यांनी तबकडी उलटसुलट करून पाहिली.

"तुमच्या त्या पंडितांत सगळ्या गावांना चालेल अशी तबकडी कुणालाच सुचली नाही?"

"सुचली ना! टोलेडोच्या अल-झरकालीला!" अवधूतचा चेहरा उजळला.

"मग तीच काऊन नाही केली?"

"कोरायला फार किचकट आहे."

"पोरगी आज इथे, उद्या कुठे. आधी ती करा. मग लग्नाचं बोलू."

"बाबा! याला दोन वर्षं लागतील!"

काकांनी दुसरा मोदक उचलला. "मग साखरपुडा आत्ता उरकू. तबकडी लग्नाला आणा."

अवधूतने ते ऐकलंच नाही. मोदकांच्या डब्याचं झाकण उलटं करून तो त्यावर नव्या तबकडीचं वर्तुळ काढत होता.