लाकडाच्या चुण्या

"वहिनी, आज झडपा म्हणताय, उद्या म्हणाल त्यांना अस्तर लावा!"

भावोजी खो-खो हसले, पण काकू बधल्या नाहीत. गल्लीतल्या झाडून साऱ्या खिडक्यांचे पडदे त्यांच्या हातचे. पोरं त्यांना पडदेकाकूच म्हणायची. आता मात्र जो तो खिडकीला आतून लाकडी झडपा मागत होता. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तर हातच जोडले होते, "रात्रपाळी करून आडवी होते, तर ऊन डोळ्यांत बोट घालतं हो!"

भावोजी, म्हणजे काकूंचे सुतार असलेले धाकटे दीर, शेवटी कबूल झाले. "ही एक खिडकी. जमली, तर दुकान दोघांचं. नाही जमली, तर तुम्ही तुमची सुई धरा, मी माझा रंधा."

भुशाने भरलेल्या कारखान्यात त्यांनी नमुन्याची झडप समोर ठेवली. "ही बाहेरची चौकट, भिंतीला धरून राहते. तिला बिजागऱ्या, बिजागऱ्यांवर झडप. झडपेच्या या उभ्या-आडव्या फळ्या, आणि त्यांच्यात या फिरत्या पट्ट्या."

"आणि ही मधली काडी?"

"दांडी. वर करा."

काकूंनी दांडी उचलली आणि साऱ्या पट्ट्या एका दमात मिटल्या. खाली ओढली, उघडल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा उघडल्या. काकू लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. "अगं बाई! ही तर पडद्याची नाडी! आणि या पट्ट्या म्हणजे लाकडाच्या चुण्याच की!"

"चुण्या म्हणा नाही तर करंज्या म्हणा. माप तेवढं नीट आणा. माप तुमचं, लाकूड माझं."

त्याच आनंदात काकू टेप घेऊन नर्सबाईंकडे वर धावल्या.

बसवायच्या दिवशी भावोजींनी चौकट उचलून भिंतीतल्या खिडकीच्या खळग्यात सरकवली. सरकेना. तिरकी केली, उलटी केली. चौकट चारी बाजूंनी चार-चार बोटं मोठी!

"वहिनी, हे काय माप?"

माप घेताना काकूंचा हात सवयीने चालला होता. पडदा नेहमी खिडकीपेक्षा मोठाच घ्यायचा, हे त्यांच्या बोटांत मुरलं होतं.

"लाकडाला दुमड घालायची होती का?" भावोजींनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली. "झालं आपलं दुकान!"

नर्सबाई दारात जांभया देत उभ्या. ऊन थेट उशीवर. काकूंनी उशीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि एकदम ओरडल्या, "भावोजी, थांबा! पडदा कधी खळग्यात बसतो का?"

"म्हणजे?"

"भिंतीवर बसतो! कडेने ऊन डोकावू नये म्हणून तर मोठा घेतो. चौकट भिंतीला धरून राहते, असं तुम्हीच म्हणालात ना? मग ठोका बाहेरच्या भिंतीवर!"

"बाहेरच्या?"

"खोलीतल्या हो, खळग्याबाहेरच्या!"

भावोजींनी चौकट खळग्यावर टेकवून पाहिली. चारी बाजूंनी भिंतीवर अशी बसली, की जणू तिथलंच माप घेतलेलं. "च्यायला!" ते म्हणाले आणि जीभ चावून ड्रिल उचललं.

चौकट पक्की झाली, बिजागऱ्यांवर झडपा चढल्या. काकूंनी झडपा ओढून घेतल्या आणि दांड्या वर केल्या. पट्ट्या मिटल्या. खोलीत मिट्ट काळोख! कडेला उजेडाची रेघसुद्धा नाही.

"जमलं!" काकू किंचाळल्या.

"जमलं, वहिनी, जमलं! खळग्यात बसवली असती तर फटीतून ऊन आलंच असतं! पुढच्या सगळ्या खिडक्या अशाच, चार बोटं जास्त!"

"म्हणजे दुकान दोघांचं?"

"दोघांचं! पण पाटीवर नाव—"

"अहो," अंधारातून पलंग करकरला आणि नर्सबाईंचा झोपाळलेला आवाज आला, "उन्हाची सोय झाली. आता दोघं बाहेर जाऊन भांडाल का?"