पोरांच्या वाट्याचं औषध

कॉलेजला गेल्यावरची पहिली दिवाळीची सुट्टी लागली आणि मी नाशिकहून घरी आलो, तेव्हा आई चुलीपाशी गोधडी पांघरून खोकत बसली होती. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणून झाल्या होत्या, तरी ताप उतरला नव्हता. वडील भातकापणीत. मग मीच तिला घेऊन निघालो.

आमचा पाडा पेठकडच्या डोंगरात. दवाखाना टेकडीपलीकडे, एसटी थांबायची त्या गावात. आईनं पिशवीत रिकामी बाटली घेतली. पातळ औषधाला बाटली आपली आपण न्यायची असे. आमची रॉकेलची होती, राखेनं कितीही घासली तरी वास जायचा नाही. व्हरांड्यात बायका मांडीवर अशाच बाटल्या घेऊन बसलेल्या. माझी पँट बघून एक म्हातारा म्हणाला, "सरका गं, सायेब आला." मी अवघडून उभाच राहिलो.

डॉक्टरांनी छाती तपासली. "गोळ्या सगळ्या घेतल्या का?"

आई हळूच म्हणाली, "घरात समदीच खोकत्यात, सायेब. पोरांना बी दिल्या. एकटीनं कसं खायचं?"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं. बाजारातून गुळाचा खडा आला तरी आमच्याकडे माणसं तितके तुकडे व्हायचे.

"मावशी, परसाद हाय का ह्यो वाटायला?" नर्सबाई म्हणाल्या. व्हरांड्यातल्या बायकाही हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. मला म्हणाले, "छातीत कफ धरलाय. या खेपेला गोळ्या पुऱ्या घेतल्या नाहीत, तर नाशिकला न्यावं लागेल. सांग त्यांना."

नाशिकला नेलेली माझी मावशी परत आली नव्हती. आईनं पदर मुठीत धरला.

मी तिला काय सांगणार? आजवर सांगायचं तिनं आणि ऐकायचं मी. कसंबसं म्हणालो, "आई, या गोळ्या तुझ्या एकटीच्या."

"अन् पोरांनी हात पुढं केला तर?"

नर्सबाईंनीच आईच्या पिशवीतून बाटली काढली, वास घेऊन नाक मुरडलं आणि आतून दुसऱ्या बाटलीत खोकल्याचं लाल औषध आणलं. डोस कळावा म्हणून बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. "ह्ये पोरांचं. त्यांचा वाटा त्यांना मिळाला. आता तुझा तू खा. कुणाला दिलास तर बघ!"

आई पहिल्यांदा हसली.

त्या संध्याकाळी तिनं आधी भावंडांना औषध पाजलं. मग गोळी घेऊन कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून गिळली. गोळ्या संपेपर्यंत ती अशीच घ्यायची. आमच्यासमोर एकटीनं खाणं तिला जमलंच नाही.

सुट्टी संपली तेव्हा ती मला सोडायला टेकडी चढून एसटीपर्यंत आली. चढावर दम लागला, पण खोकली नाही. एसटी आली तशी तिनं नागलीच्या भाकरी बांधलेलं फडकं माझ्या हातात कोंबलं.

"होस्टेलातल्या पोरांना दे," ती म्हणाली. "एकटा खाऊ नको."