लोडरसाठी पाडलेलं गेट

चहा घ्या आधी. घेतलात? मग आता माझा पराक्रम ऐका. सांगायला लाज वाटते, पण सगळ्या मुळगावाला माहीत आहे, मग तुमच्यापासून काय लपवू!

मी इथे गोव्यातल्या खाणीवर लोडर चालवायचो. साधासुधा नाही हं! चाकामागे उभा राहिलो तर माझी टोपीसुद्धा पलीकडून दिसायची नाही. पुढची बकेट एवढी, की अर्धं वऱ्हाड बसवा! केबिनमध्ये शिडीनं चढायचं. मग खाण बंद झाली, लोडर गेला. पुढे लता, माझी बायको, तीही गेली. मुलगी प्राची पुण्याला नोकरीला. घरात उरलो मी आणि टीव्ही. तो बोलतो, मी ऐकतो. मी बोललो तर तो ऐकत नाही, एवढंच.

यंदा पावसात घरामागची दरड खाली आली. लाल मातीचा ढीग थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकला. भिंत जुनी, आतून ओल झिरपायला लागली. आणखी एक जोराची सर, की भिंत माझ्या शेगडीवर! प्राचीला सांगितलं. तिनं पुण्यात बसून फोनवरच सगळं ठरवलं.

"बाबा, परवा कॉम्पॅक्ट लोडर येतोय. फोटो पाठवलाय, बघा."

फोटो बघितला आणि ऊर भरून आला. पिवळा रंग, पुढे बकेट, केबिन, चार चाकं. माझाच लोडर! आता त्या फोटोत शेजारी ना माणूस, ना झाड. मग आकार कळणार कसा, तुम्हीच सांगा!

"हेवी इक्विपमेंटमध्येच येतो ना गं हा?"

"हो, त्याच वर्गात धरतात. पण बाबा..."

"पणबिण काही नाही. हेवी म्हणजे काय ते मला शिकवू नकोस!"

आणि त्या 'कॉम्पॅक्ट'चं मी काय केलं? आमच्या खाणीवर रस्ता दाबायचा रोलर असायचा, त्याला सगळे कॉम्पॅक्टर म्हणायचे. मी समजलो, कॉम्पॅक्टर आणि लोडर. दोन मशिनं! लोडर माती उचलणार, रोलर मागून जमीन दाबणार. पोरीनं बापाचा केवढा विचार केला म्हणून डोळ्यांत पाणी आलं हो!

संध्याकाळी गेटपाशी उभा राहून हातांनी माप घेत होतो, तर शेजारचा रामनाथ थांबला. लता गेल्यापासून हा रस्त्यावरूनच हात करून जायचा.

"काका, कितें मेजतात?"

"लोडर येतोय. ह्या गेटातून त्याचं एक चाकसुद्धा जायचं नाही."

"इतको व्हडलो?"

झालं! रामनाथ आत आला, खुर्चीत बसला, चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, आणखी माणसं आली. केवढा लोडर? कसा वळतो? रस्ता खचणार नाही ना? मी सांगतोय, ते ऐकताहेत. खोटं कशाला बोलू, प्रत्येक कपाबरोबर माझा लोडर हातभर वाढत होता!

"आनी ही वायर? ती आड येतली ओ," पलीकडच्या सुमनवयनी म्हणाल्या.

येणारच! ओळखीचा वायरमन बोलावला, घरात येणारी वायर काढून ठेवली. फणसाची फांदी तोडली. रामनाथनं आपल्या म्हशी लांब नेऊन बांधल्या. दुपारी सगळ्यांनी मिळून गेट उचकटलं, चिऱ्यांचे दोन्ही खांब पाडले, बाजूचा दगडी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आडवी केली. मी मध्ये उभा राहून हात करतोय, "आणखी! आणखी! त्याला वळायला जागा नको?" मग सगळ्यांना कोकम सरबत. किती दिवसांनी माझ्या मोरीत एवढे पेले पडले होते!

सकाळी अख्खा वाडा रस्त्यावर. मी ठेवणीतला शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे. लांबून एक टेम्पो आला. त्याच्या पाठीवर काहीतरी पिवळं.

"ह्यो सुटो भाग आसतलो," रामनाथ म्हणाला. "व्हडलें मशीन फाटल्यान येता."

मोठं मशीन मागून येणारच, म्हणून मीही जाणकारासारखी मान हलवली.

टेम्पो थांबला. मागे फळ्या लावल्या आणि घसरगुंडीवरून मूल उतरावं तसं ते अलगद खाली उतरलं. रामनाथच्या म्हशीपेक्षा जरासं रुंद, बस! ऑपरेटर सावंतवाडीकडचा, चांगला मिशाळ गडी.

"काकानू, माती खंय आसा?"

"आधी लोडर कुठे आहे ते सांग."

"ह्योच लोडर."

"आणि रोलर?"

"कसलो रोलर?"

"मग हे... हे हेवी इक्विपमेंट?"

"त्याच घराण्यातलो ह्यो, काकानू. फक्त शेंडेफळ!"

वाडा जो हसायला लागला! सुमनवयनींनी तर तोंडात पदर कोंबला. ऑपरेटर पडक्या खांबांकडे बघत म्हणाला, "हय अपघात झालो काय?"

मी त्याला मातीचा ढीग दाखवायला वळलो. बाकीच्यांना हसण्यातून सवड नव्हती.

पण मशीन मात्र बेटं गुणी! जागच्या जागी गर्रकन वळायचं. घर आणि विहीर यांच्यामधल्या बोळातून आरामात मागे गेलं. माझा लोडर तिथे शिरला असता तर घर घेऊनच बाहेर आला असता! भिंतीला ओरखडासुद्धा न पाडता त्यानं सगळी माती काढली. भिंत वाचली.

हसून झाल्यावर माणसं आपापल्या कामाला गेली. ऑपरेटरही आवरायला लागला. मला काय झालं कोण जाणे!

"तो ढीग जरा डावीकडे सरकव बघू," मी म्हटलं.

सरकवला.

"नको, उजवीकडेच बरा होता."

परत सरकवला.

"फणसाखाली कसा दिसेल?"

त्यानं इंजिन बंद केलं. "काकानू, तुमका माती हलवूची आसा काय माका थांबवूचा आसा?"

"जेवून जा," मी म्हटलं. "सुंगटांचं हुमण केलंय, कोळंबी अगदी ताजी आहे."

"मांद्र्याक जावचा आसा ओ. गेस्ट हाऊसवाले वाट बघतत." पण चहाला थांबला, उभ्यानंच. मी विचारलं, केबिनमध्ये जरा बसू का? सवयीनं शिडी शोधली. शिडी कुठली! बकेटवर पाय ठेवून समोरूनच आत शिरायचं. गुडघे हनुवटीला टेकले. हात मात्र आपोआप लिव्हरवर गेले. बसून राहिलो तसाच. त्यानं घाई केली नाही.

मग टेम्पो गेला. घरात वीज नाही, टीव्ही गप्प. वायरमन म्हणाला उद्या, गवंडी म्हणाला गणपतीच्या चवथीनंतर. संध्याकाळी प्राचीचा फोन.

"बाबा, गेटातून गेलं ना मशीन?"

"अगदी आरामात! कुठेच अडकलं नाही."

"म्हणूनच तर लहान मागवलं."

"हो ना," मी म्हटलं.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी त्या भगदाडात खुर्ची टाकून बसतो. नाहीतर गावातली गुरं थेट माझ्या अळवात! पाव विकणारा पोदेर सायकलवरून येतो, पाव हातात देतो, दोन शब्द बोलतो, जातो. मग पुन्हा मी आणि रस्ता.

परवा प्राचीनं व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, बाहेर का बसलात? आणि मागे गेट कसं दिसत नाही?"

"दिसणार कसं गं," मी म्हटलं, "त्याच्या जागी मी बसलोय ना!"